कमरेच्या कॅनाल स्टेनोसिसचे ऑपरेशन : निर्णय, तयारी आणि नंतरचे दिवस

चालायला लागले की पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, मांड्यांतून मुंग्या खाली उतरतात. शे-दोनशे पावलांवर बसायला जागा शोधावी लागते. बसले की पाच मिनिटांत बरे वाटते, उठून चालू लागले की पुन्हा तेच. साठी ओलांडलेल्या माणसाने हे सांगितले की डॉक्टरांना पहिली शंका येते ती लंबार कॅनाल स्टेनोसिसची, म्हणजे कमरेच्या मणक्यांतली नसांची वाट अरुंद झाल्याची. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला यासाठी ऑपरेशन सुचवले असेल, तर काय तपासायचे, काय विचारायचे आणि कशाची तयारी करायची, ते इथे क्रमाने दिले आहे. मानेतले अरुंदीकरण हे वेगळे प्रकरण आहे. तिथे मज्जारज्जूच दबतो आणि ऑपरेशनसाठी थांबायचे की नाही याचे गणित बदलते. इथे फक्त कमरेबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हे ऑपरेशन पायांसाठी असते. नसांना जागा करून दिली की चालण्या-उभे राहण्याने होणारा पायांचा त्रास कमी होतो. नुसती कंबर दुखते म्हणून, किंवा एमआरआयमध्ये ‘सिव्हिअर’ लिहिले आहे म्हणून केलेले ऑपरेशन बहुतेक वेळा पदरी निराशाच टाकते.

आत नेमके काय झालेले असते

मणक्यांच्या मागच्या कमानींमुळे वरपासून खालपर्यंत एक पोकळ वाट तयार होते. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली त्या वाटेत पायांकडे, मूत्राशयाकडे आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांचा झुपका असतो. त्याभोवती पाणी आणि सर्वांना धरून ठेवणारे ड्युरा नावाचे आवरण. म्हणजे कमरेच्या खालच्या भागात ऑपरेशन होते तेव्हा सर्जन मज्जारज्जूजवळ नसतोच. ‘पाय जातील’ ही भीती घरोघरी असते, पण ती बरीचशी या गैरसमजातून आलेली असते.

वयानुसार चकती सुकून बसकी होते आणि मागे फुगते, मागचे छोटे सांधे हाड वाढवून जाड होतात आणि कमानींना जोडणारा पिवळा अस्थिबंध जाडजूड होऊन आत दुमडतो. तिन्ही बाजूंनी जागा खाल्ली जाते. सर्वाधिक त्रास चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये होतो, त्याखालोखाल तिसऱ्या-चौथ्यांमध्ये. काहींची वाट जन्मतःच अरुंद असते. त्यांना चाळिशी-पन्नाशीतच त्रास सुरू होतो.

ताठ उभे राहिले की अस्थिबंध आणखी आत येतो आणि जागा कमी होते. पुढे वाकले की तो ताणला जाऊन जागा मोकळी होते. म्हणूनच हे रुग्ण वाकून चालतात, मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून सहज फिरतात, आणि अर्धा किलोमीटर न चालणारा माणूस पाच किलोमीटर सायकल चालवून येतो.

पहिली पायरी : दुखणे याचेच आहे ना

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात, विशेषतः तंबाखू-विडी ओढणाऱ्यांना आणि मधुमेह्यांना. फरक असा की रक्तवाहिनीचा त्रास नुसते थांबून उभे राहिले तरी जातो. मणक्याच्या त्रासात बसावे किंवा वाकावे लागते. डॉक्टरांनी पावलांवरची नाडी तपासली नसेल तर तसे सांगा. शंका असल्यास घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढतात, ते ०.९ पेक्षा कमी आले तर आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जावे लागते.

खुब्याचा सांधा झिजला असेल तर दुखणे जांघेत असते आणि मांडी घालून बसता येत नाही. मधुमेहामुळे नसा खराब झाल्या असतील तर दोन्ही तळपायांची आग होते, रात्री जास्त, आणि चालण्या-बसण्याने फारसा फरक पडत नाही. दोन आजार एकाच माणसात असणे तर आपल्याकडे नेहमीचेच. अशा वेळी ऑपरेशनने नक्की कोणता त्रास जाईल आणि कोणता राहील, हे आधी वेगळे करून घ्या.

शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, हातांत मुंग्या येतात, असे काही असेल तर मानेचाही एमआरआय लागतो. मान आणि कंबर एकाच वेळी अरुंद असेल तर बहुधा मानेचा प्रश्न आधी सोडवतात.

दुसरी पायरी : रिपोर्ट वाचणे

एमआरआयचा रिपोर्ट घाबरवणारा असतो, कारण त्यात प्रत्येक मणक्याची सगळी झीज लिहिलेली असते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते. साठीच्या पुढच्यांपैकी २१ टक्के लोकांत कॅनाल स्टेनोसिस दिसला. चित्र आणि त्रास जुळले तरच चित्राला अर्थ.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. कोणत्या पातळीवर, म्हणजे कोणत्या दोन मणक्यांमध्ये, अरुंद आहे. किती अरुंद आहे: पुढून मागे १० मिलिमीटरपेक्षा कमी जागा राहिली तर ती निश्चित अरुंद मानतात, पण हल्ली आडव्या छेदात नसांभोवती पाणी दिसते का, हे जास्त महत्त्वाचे धरतात. पाणी पूर्ण नाहीसे होऊन नसा एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नसतील तर दाब खरोखर जास्त आहे. आणि तिसरे, मणका पुढे सरकला आहे का, म्हणजे लिस्थेसिस आहे का.

एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर घसरलेला मणका बऱ्याचदा जागेवर परततो आणि चित्रात सगळे ठीक दिसते. म्हणून उभे राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले साधे एक्स-रे हवेतच. त्याशिवाय स्क्रू घालायचे की नाही हे ठरवू नये. जुना पेसमेकर असलेल्यांना एमआरआय चालत नसेल तर सीटी मायलोग्राम, म्हणजे पाठीत रंगद्रव्य सोडून काढलेला सीटी स्कॅन, हा पर्याय आहे.

तिसरी पायरी : घाई आहे की नाही

या आजारात बहुसंख्यांना वेळ असतो. अनेकांचा त्रास वर्षानुवर्षे तसाच राहतो, काहींचा हळूहळू वाढतो, काहींचा थोडा कमीही होतो. ‘आठ दिवसांत केले नाही तर लकवा मारेल’ असे कुणी म्हणत असेल आणि खाली दिलेली लक्षणे नसतील, तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्या.

घाई करायची ती अशी: लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसायच्या जागी म्हणजे गुप्तांग आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणे. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही असलेले रुग्णालय गाठा. पाऊल लटके पडून चप्पल नकळत निसटत असेल, तर काही दिवसांत दाखवायला हवे. महिने काढू नयेत.

बाकीच्यांनी सहा ते बारा आठवडे ऑपरेशनविना उपाय नीट करून पाहावेत. नीट म्हणजे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले, पुढे वाकण्यावर भर असलेले व्यायाम: पाठीवर झोपून गुडघे छातीशी आणणे, पोटाचे स्नायू बळकट करणे, स्थिर सायकल. पोटावर झोपून मागे उचलण्याचे व्यायाम, भुजंगासन, यांनी त्रास वाढतो, कारण त्यात वाट आणखी अरुंद होते. योगाच्या वर्गात हे आवर्जून सांगा. प्रेगाबालिन, गाबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांचा चालण्याच्या त्रासावर फायदा मर्यादित, आणि म्हाताऱ्या माणसांना गुंगी येऊन पडायची भीती. पाठीत दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडू शकतो, पण टिकाऊ उपाय म्हणून त्याकडे पाहू नका. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते. इंजेक्शननंतर लगेच ऑपरेशन केले तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून मध्ये किमान महिनाभर अंतर ठेवतात.

या काळात एक वही ठेवा. न थांबता किती मिनिटे चालता येते, ओट्यापाशी किंवा रांगेत किती मिनिटे उभे राहता येते, इतकेच, आठवड्यातून दोनदा. ‘फार त्रास होतो’ यापेक्षा ‘मार्चमध्ये १२ मिनिटे चालत होते, आता ४’ हे सर्जनला जास्त सांगते. ऑपरेशनचा उपयोग झाला की नाही तेही नंतर याच वहीतून कळते.

चौथी पायरी : कोणते ऑपरेशन

मूळ काम एकच असते, डीकम्प्रेशन. जाड अस्थिबंध आणि गरजेपुरते हाड काढून नसा मोकळ्या करणे. ते करायचे मार्ग अनेक. पूर्वी कमानीचा मागचा भाग पूर्ण काढत. त्याला लॅमिनेक्टमी म्हणतात आणि आजही ती चालते. आता बहुतेक जण कमानीला छोटी खिडकी पाडून लॅमिनोटमी करतात. काही सर्जन एका बाजूने शिरून, आतून तिरके जात दुसरी बाजूही मोकळी करतात. त्यात दुसऱ्या बाजूचे स्नायू शाबूत राहतात. यासाठी मायक्रोस्कोप, नळी किंवा एंडोस्कोप वापरतात. नॉर्वेमधल्या एका मोठ्या चाचणीत अशा तीन पद्धतींची तुलना झाली आणि दोन वर्षांनी तिन्हींचे परिणाम जवळपास सारखे निघाले. त्यामुळे ‘एंडोस्कोपीच हवी’ असा हट्ट धरू नका. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसला आहे, ती पद्धत चांगली. ‘लेसरने मणका’ अशा जाहिराती दिसतात, पण इथे काढायचे असते ते हाड आणि जाड अस्थिबंध, आणि ते ड्रिल आणि पंच या हाड कुरतडणाऱ्या हत्यारानेच निघतात.

खरा वाद आहे तो स्क्रूंचा. मणके एकमेकांना टायटॅनियमचे स्क्रू आणि दांड्यांनी जोडून, मध्ये हाड भरून कायमचे सांधणे म्हणजे फ्यूजन. त्याने ऑपरेशन लांबते, रक्त जास्त जाते, खर्च कितीतरी वाढतो आणि सांधलेल्या भागाच्या वरच्या मणक्यावर ताण येतो. म्हणून ते का हवे याचे उत्तर ठोस असायला हवे.

२०१६ साली स्वीडनमधल्या चाचणीत ५० ते ८० वयाच्या २४७ रुग्णांमध्ये नुसते डीकम्प्रेशन आणि डीकम्प्रेशनसह फ्यूजन यांची तुलना केली. दोन वर्षांनी फ्यूजनवाल्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही, मणका सरकलेला असतानाही. २०२१ साली नॉर्वेत फक्त सरकलेल्या मणक्यांच्या २६७ रुग्णांवर तशीच चाचणी झाली. तिथेही नुसते डीकम्प्रेशन कमी पडले नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी: २०१६ मधल्याच एका छोट्या अमेरिकन चाचणीत, ६६ रुग्णांमध्ये, फ्यूजन झालेल्यांचे आरोग्याच्या प्रश्नावलीतले गुण थोडे बरे होते आणि पुढच्या काळात पुन्हा ऑपरेशन कमी लागले. तात्पर्य असे की मणका थोडा सरकलेला आहे एवढेच कारण फ्यूजनला पुरत नाही. मात्र वाकताना-उठताना मणका एक्स-रेत स्पष्ट हलतो, कणा बाजूला वाकून त्रास वाढतो आहे, नस बाहेर पडते त्या भोकापाशीच दाबली आहे आणि तिथे पोचायला सांध्याचा मोठा भाग काढावा लागणार आहे, किंवा त्याच जागी हे दुसरे-तिसरे ऑपरेशन आहे, अशा वेळी स्क्रू योग्य ठरतात. मणका अजिबात सरकलेला नसताना, पहिल्याच वेळी, तीन-चार पातळ्यांवर स्क्रू सुचवले असतील तर दुसरे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये पाचर बसवण्याची उपकरणेही आली होती. त्यात पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण जास्त निघाल्याने ती मागे पडली.

ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जन आणि न्यूरोसर्जन दोघेही हे ऑपरेशन करतात. पदवीपेक्षा ती व्यक्ती दर महिन्याला मणक्याची किती ऑपरेशने करते ते महत्त्वाचे. भेटीत हे प्रश्न विचारा, उत्तरे लिहून घ्या:

– कोणत्या पातळीवर, आणि माझ्या कोणत्या लक्षणासाठी?
– फ्यूजन का, किंवा का नाही? वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये काय दिसले?
– पायाचा त्रास किती जाईल, कंबरेचा किती?
– ड्युरा फाटला तर तुम्ही काय करता?
– इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचे स्क्रू आणि दांड्या, कोणत्या कंपनीचे, त्याचा खर्च बिलात वेगळा दाखवणार का?

खर्चाचे बोलायचे तर, वैयक्तिक आरोग्यविम्यात मणक्याचे आजार बहुधा प्रतीक्षाकाळाच्या यादीत असतात. पॉलिसी नवी असेल तर आधी तपासा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर योजनेतल्या रुग्णालयात मदतीला नेमलेल्या आरोग्यमित्राला भेटा आणि तुम्हाला सांगितलेले नेमके ऑपरेशन यादीत बसते का, इम्प्लांट त्यात धरले आहे का, हे भरती होण्यापूर्वी विचारा. मंजुरी आधी, भरती नंतर.

पाचवी पायरी : तीन-चार आठवड्यांची तयारी

तंबाखू सगळ्यात आधी. सिगरेट, विडी, गुटखा आणि मशेरीसुद्धा. मशेरी लावणाऱ्या आजी ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगतात, म्हणून घरच्यांनी ते डॉक्टरांना सांगावे. निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो आणि फ्यूजनमधले हाड जुळत नाही. किमान चार आठवडे आधी बंद, फ्यूजन असेल तर नंतरही कित्येक महिने.

साखर: तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी बरेच सर्जन ७.५ ते ८ च्या आत मागतात. त्याहून जास्त असेल तर तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे.

औषधांची यादी, डब्यांसकट, भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस, वॉर्फरिन ५ दिवस, अपिक्साबान किंवा रिव्हरॉक्साबान २ ते ३ दिवस आधी थांबवतात; मूत्रपिंड कमजोर असेल तर काही औषधांना आणखी दिवस लागतात. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नसते. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी हवीच, कारण स्टेंट बंद पडण्याचा धोका पाठीच्या दुखण्यापेक्षा मोठा. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या किमान ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात. या गोळ्यांवर उपास घडला की साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते, आणि साखर ठीक दिसते म्हणून ते लक्षात यायला उशीर होतो. काढे, आयुर्वेदिक गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल हेही यादीत लिहा.

किडलेला दात, लघवीतला जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांमधली चिखली, कुठेही पू असेल तर आधी बरे करून घ्या, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या इम्प्लांटपर्यंत पोचू शकतात. फ्यूजन ठरले असेल आणि रुग्ण पासष्टीच्या पुढची स्त्री असेल, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या. ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतो.

घरात कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड आणा. पलंग इतका उंच हवा की बसल्यावर गुडघे काटकोनात येतील. रोज लागणारे डबे, पातेली, औषधे कमरेच्या उंचीवर आणा. पायपुसणी आणि सैल सतरंज्या उचला. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवा आणि मागून पट्टा असलेली चप्पल घ्या.

ऑपरेशनचा दिवस

जड जेवण आठ तास, हलके खाणे सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम. रुग्णालयाने वेगळे सांगितले तर ते पाळा. पाठीचे केस घरी काढू नका, वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून संसर्ग होतो.

भूल बहुधा पूर्ण देतात. एका-दोन पातळ्यांसाठी कमरेखालची भूलही चालते, आणि फुप्फुसे कमजोर असलेल्यांसाठी ती बरी पडते. मग रुग्णाला पालथे ठेवतात, पोट मोकळे लोंबेल अशा चौकटीवर. पोट दाबले गेले तर मणक्यातल्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जाते, म्हणून ही मांडणी करायला पंधरा-वीस मिनिटे लागली तरी ती वाया जात नाहीत. प्रतिजैविकाचा डोस चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतात.

सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र, वापरून पातळी निश्चित केली जाते. काही जणांना कमरेत पाचाऐवजी चार किंवा सहा मणके असतात. खालून मोजले की वेगळा आकडा, वरून मोजले की वेगळा. चुकीच्या पातळीवर ऑपरेशन होण्यामागे हे एक कारण असते. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘ट्रान्झिशनल’ असा शब्द असेल तर सर्जनना आठवण करून द्या.

एका पातळीसाठी साधारण ३ ते ५ सेंटिमीटरची चीर देतात. स्नायू बाजूला सारतात, ड्रिलने कमानीची कड पातळ करतात, पंचने हाड थोडे-थोडे कुरतडत जातात आणि शेवटी पिवळा अस्थिबंध सोडवून काढतात. मग दोन्ही कडांना, जिथे नस बाहेर वळते, तिथे सांध्याचा आतला भाग खालून खरवडतात. सांध्याचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक ठेवणे हे इथले कसब, कारण तो गेला की मणका सैल होऊन पुढे सरकू शकतो. एका पातळीला एक ते दोन तास, फ्यूजनला तीन-चार तास. बाहेर थांबणाऱ्यांनी त्यात भूल देणे आणि शुद्धीवर आणणे यांचा तासभर मिळवावा.

काय बिघडू शकते

सर्वांत जास्त वेळा घडते ते ड्युराला भोक पडणे. अस्थिबंध वर्षानुवर्षे त्याला चिकटलेला असतो आणि वयानुसार आवरण पातळ झालेले असते. शंभरातल्या पाच-दहा जणांना हे होते. दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर जास्त. तिथेच टाका, पॅच किंवा फायब्रिन ग्लू (भोक बंद करणारा जैविक डिंक) लावतात आणि बहुधा एक-दोन दिवस सपाट झोपवतात. नीट बंद झाले तर पुढच्या परिणामात फारसा फरक पडत नाही. घरी गेल्यावर उठून बसले की डोके ठणकते आणि आडवे झाले की थांबते, किंवा ड्रेसिंग पाण्यासारख्या स्रावाने भिजते, असे झाले तर लगेच कळवा.

पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत आत रक्त साकळून नसा दाबल्या जाणे हे क्वचित घडते, पण सर्वांत तातडीचे असते. वेदना गोळ्यांना न जुमानता वाढत जाते, आधी हलणारे पाऊल हलेनासे होते, बसायच्या जागी बधिरता येते. नर्सला ‘सकाळी डॉक्टर आल्यावर सांगू’ असे म्हणू देऊ नका.

जंतुसंसर्ग बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात डोके वर काढतो: कमी झालेली वेदना पुन्हा वाढते, जखम लाल होते, पाझरते, ताप येतो. पोटरी सुजून दुखली तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्या. सोबत धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटमुळे कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर लघवी अडते, आणि काही वृद्धांना दोन-तीन रात्री भ्रम होतो. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवले, ओळखीचे माणूस शेजारी बसले तर तो लवकर निवळतो.

उठणे, घरी जाणे, पहिले सहा आठवडे

डीकम्प्रेशननंतर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उभे करतात. उठायची रीत आधीच शिकून घ्या: गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकत्र वळवत कुशीवर व्हा, पाय पलंगाखाली सोडत हाताने रेटा देऊन बसा. जखमेत ठेवलेली निचऱ्याची नळी एक-दोन दिवसांत निघते. साध्या ऑपरेशनचा मुक्काम एक ते तीन दिवस, फ्यूजनचा तीन ते पाच. टाके किंवा स्टेपल दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवायची, हळद किंवा लेप काहीही लावायचे नाही.

गावी परतायचे असेल तर एसटीने नको. गाडीची पुढची सीट थोडी मागे कलती करा आणि दर पाऊण तासाने उतरून पाच मिनिटे चाला.

चालणे हाच मुख्य व्यायाम. पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्ध्या तासावर या. दिवसभर अंथरुणावर पडून राहणे अपायकारक आहे, मग शेजारीपाजारी काहीही सांगोत. सलग बसणे अर्ध्या तासापुरते. सहा आठवडे वाकून उचलणे, कमरेत पिळा देणे आणि चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन, यांना पूर्ण बंदी. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, नातवंड, तिन्ही त्यात आले. जमिनीवर बसून जेवणे किंवा पूजा करणे डीकम्प्रेशननंतर साधारण सहा आठवड्यांनी, फ्यूजननंतर तीन महिने तरी नको. दुचाकीवर मागेसुद्धा बसू नये. खड्ड्यांचे धक्के थेट कमरेला बसतात. कार चालवणे गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर आणि जोरात ब्रेक दाबता येऊ लागल्यावर, बहुधा तीन-चार आठवड्यांनी.

कमरेचा पट्टा नुसत्या डीकम्प्रेशनला सहसा लागत नाही. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथण्याने पाठ दुखते, म्हणून पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी. फ्यूजननंतर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून स्वतःहून आणू नका, हाड जुळण्यात त्या आड येऊ शकतात.

काय बरे होते, किती दिवसांत

चालताना येणारी कळ आणि जडपणा सर्वांत आधी जातो, अनेकांना पहिल्याच आठवड्यात. मुंग्या कमी व्हायला महिने लागतात. वर्षानुवर्षांचा बधिरपणा थोडाफार राहतोच, आणि लटके पडलेले पाऊल वर्षभरात सुधारेल किंवा नाहीही. जितका काळ ते लटके होते तितकी शक्यता कमी. रात्री पोटरीत येणारे गोळे कित्येकांचे तसेच राहतात. त्यावरून ऑपरेशन फसले असे ठरवू नका. कंबरदुखी काहींची कमी होते, काहींची होत नाही.

अरुंदीकरण त्याच जागी किंवा शेजारच्या पातळीवर पुन्हा होऊ शकते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आठ वर्षांत सुमारे १८ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागले.

त्रास नसताना ‘आत कसे झाले ते बघू’ म्हणून पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय काढू नका. सूज, साकळलेले रक्त आणि भरत असलेली जखम यांमुळे त्या काळात चित्र जवळपास ऑपरेशनपूर्वीइतकेच भरलेले दिसते आणि विनाकारण घाबरगुंडी उडते. फ्यूजन झाले असेल तर सर्जन सांगतील तेव्हा साधे एक्स-रे पुरतात; हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागते. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणे आणि इम्प्लांटचे स्टिकर एका फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी एमआरआय काढताना किंवा दुसरे ऑपरेशन करताना आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू आहे हे पहिल्यांदा विचारले जाते, आणि तो स्टिकर नसेल तर स्क्रू काढायला कोणता पाना लागेल हेसुद्धा अंदाजाने ठरवावे लागते.